रॅक बदलल्यावर स्टीयरिंग वाकडं राहतं: सेंटर नेमकं कुठे चुकतं आणि कसं धरायचं

तक्रार जवळपास ठरलेली असते. नवा किंवा रिकंडिशन रॅक (स्टीयरिंग फिरवलं की आडवी सरकून पुढची चाकं वळवणारी दातेरी दांडी, हाऊसिंगसकट) बसवला, अलाइनमेंटही झालं, गाडी हात सोडला तरी सरळ जाते, पण स्टीयरिंग एका बाजूला दहा-पंधरा अंश कललेलं राहतं. पुन्हा अलाइनमेंटला नेली की चार दिवस बरं वाटतं, ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या दोन-चार खड्ड्यांनंतर परत तेच. कुणाची गाडी उजवीकडे एका दमात यू-टर्न घेते आणि डावीकडे घेताना रिव्हर्स मारावा लागतो. कुणाचं चाक फक्त एका बाजूच्या लॉकला (स्टीयरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर) लायनरला, म्हणजे चाकाभोवतीच्या आतल्या कव्हरला, घासतं. कुणाच्या डॅशवर रॅकचं काम झाल्यापासून एअरबॅगचा नाहीतर ईएसपीचा (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) दिवा पेटलेला असतो.

तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी बहुतेकींचं मूळ एकच निघतं. रॅक स्वतःच्या मध्यावर नसताना स्टीयरिंगकडून येणारा शाफ्ट जोडला गेला, आणि ती चूक पुढे टाय रॉडवर (रॅकला चाकाशी जोडणारी दांडी) किंवा स्टीयरिंगच्या दात्यांवर ढकलली गेली. अलाइनमेंटच्या मशीनला रॅक मध्यावर आहे की नाही हे कळत नाही. ते फक्त चाकांचे कोन मोजतं. त्यामुळे सगळे आकडे हिरवे आले तरी रॅक एका बाजूला सरकलेला असू शकतो.

मध्य एका वेळी चार ठिकाणी जुळावा लागतो: रॅक, क्लॉक स्प्रिंग (स्टीयरिंगखालची गुंडाळलेली पट्टी, हॉर्न आणि एअरबॅगची जोडणी हिच्यातून जाते; मारुतीत हिलाच कॉन्टॅक्ट कॉइल म्हणतात), स्टीयरिंग व्हील आणि ज्या गाडीत असेल तिथे स्टीयरिंग अँगल सेन्सर. क्रम खालून वर. आधी रॅक, मग शाफ्ट, मग टाय रॉड, शेवटी सेन्सर. वरून सुरुवात केली, म्हणजे स्टीयरिंगचा नट काढून ते दोन दाते फिरवून बसवलं, तर डोळ्यांना सरळ दिसतं आणि खालची चूक तशीच राहते.

काहीही खोलण्याआधी: फेरे मोजा

या तपासणीला जॅक लागत नाही. सपाट, सरळ रस्ता हवा. नवी मुंबईच्या पाम बीच रोडचा सरळ तुकडा सकाळी लवकर चालतो, पण तिथेही एक लक्षात ठेवा: आपल्याकडचे रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळे डाव्या लेनमध्ये कुठलीही गाडी थोडी डावीकडे ओढते. मधल्या लेनमध्ये चालवून बघा. ठाणे-बेलापूर रोडच्या डाव्या लेनमध्ये अवजड गाड्यांनी पाडलेल्या चरांत ही परीक्षा करून उपयोग नाही, तिथे चाकं चराच्या मागे जातात.

गाडी सरळ जात असताना स्टीयरिंगच्या अगदी वर, बाराच्या जागी, मास्किंग टेपचा तुकडा लावा. तसंच सरळ थांबा, इंजिन चालू ठेवा, आणि डाव्या लॉकपर्यंत किती फेरे होतात ते मोजा. परत टेप वर आणा आणि उजवीकडे मोजा. छोट्या गाड्यांत लॉक ते लॉक साधारण ३ ते साडेतीन फेरे असतात. समजा एकूण ३.२ आहेत, तर दोन्हीकडे १.६ यायला हवेत.

१.६ आणि १.६ आले आणि तरीही स्टीयरिंग वाकडं असेल, तर रॅक मध्यावर आहे. चूक रॅकच्या वर, शाफ्टच्या किंवा स्टीयरिंगच्या दात्यांत आहे, किंवा टाय रॉडच्या बारीक हिशेबात. हे सोपं काम.

१.४ आणि १.८ आले, तर रॅक ०.२ फेरा, म्हणजे ७२ अंश बाजूला बसलाय. एका फेऱ्यात रॅक साधारण ४५ मिमी सरकतो असं धरलं तर हा फरक ९ मिमीचा. एवढ्यावर चाकं सरळ दिसत असतील तर कुणीतरी एक टाय रॉड ९ मिमी आखूड आणि दुसरा ९ मिमी लांब केलाय. दीड मिमीच्या आट्यांवर सहा-सहा फेरे. अशी गाडी सरळ रस्त्यावर बिनतक्रार चालते. पण दोन टाय रॉडच्या लांबीत १८ मिमीचा फरक असल्याने सस्पेन्शन खाली-वर झालं की दोन्ही चाकं वेगवेगळी वळतात. स्पीडब्रेकरवर स्टीयरिंगला हिसका बसण्याचं हे एक कारण, आणि लोक त्यासाठी शॉकअप बदलत बसतात. शिवाय एका बाजूच्या लॉकला चाक हवं त्यापेक्षा जास्त वळतं, म्हणून लायनरला घासतं.

दुसरी तपासणी खाली वाकून करायची. दोन्ही टाय रॉडवर लॉकनटच्या आतल्या बाजूला दिसणारे आटे मोजा. व्हर्नियर असेल तर उत्तम, नाहीतर स्केल. दोन्हीकडे २-३ मिमीच्या आत फरक असेल तर ठीक. याहून जास्त असेल तर वरचा फेऱ्यांचा हिशेब खरा समजायचा. एक फसवणूक मात्र होते: बाजारातले काही रॅक एंड (टाय रॉडचा रॅककडचा भाग; चाकाकडचा तो टाय रॉड एंड) मूळ पार्टपेक्षा पाच-सात मिमी आखूड किंवा लांब येतात. एका बाजूला जुना आणि एका बाजूला नवा रॅक एंड असेल तर आट्यांवर विसंबू नका, रॅक एंडच्या बॉलच्या मध्यापासून टाय रॉड एंडच्या बॉलच्या मध्यापर्यंत मोजा.

आणि एक वेगळं काढून ठेवायचं: स्टीयरिंग सरळ आहे पण गाडीच एका बाजूला ओढते, ही रॅकच्या सेंटरची तक्रार नव्हे. तिथे आधी हवा बघा, मग पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा (एकाच दिशेने फिरणारे टायर नसतील तर). ओढ बाजू बदलली तर टायर दोषी. नाही बदलली तर कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल), चिकटलेला ब्रेक कॅलिपर, सबफ्रेम (रॅक आणि सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) अशा दिशेने शोधा.

नवा रॅक मध्यावर आणणं

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि सगळ्यात कमी वेळही इथेच दिला जातो.

रॅक टेबलावर असतानाच मध्य काढा, गाडीखाली आडवं पडून नव्हे. दोन्ही रॅक एंड आधी बसवून पूर्ण घट्ट करा. कित्येक रॅकमध्ये रॅक एंडचा सॉकेट हाऊसिंगला टेकतो तेव्हाच लॉक येतो. रॅक एंड नसताना मोजलंत तर एका बाजूला रॅक जास्त आत जातो आणि काढलेला मध्य चुकतो. पिनियनच्या, म्हणजे रॅक सरकवणाऱ्या दातेरी दांड्याच्या, टोकावर पेंटची एक रेघ आणि हाऊसिंगवर एक रेघ मारा. पिनियन हळू फिरवत एका टोकाला न्या, टेकल्यावर जोर लावू नका. तिथून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा, अर्धा-पाव फेरा अंदाजे नको, रेघेवरून नीट धरा. मग बरोबर अर्धे फेरे परत या.

खात्रीसाठी मोजमापही घ्या. दोन्ही लॉकला हाऊसिंगच्या कडेपासून रॅक एंडच्या सॉकेटपर्यंतचं अंतर मोजून निम्मं काढा. मध्यावर दोन्हीकडचं बाहेर आलेलं अंतर समान असतंच असं नाही, कारण हाऊसिंगची दोन टोकं काही रॅकमध्ये सारखी लांब नसतात. प्रवास निम्मा व्हायला हवा. बाहेर दिसणारी दांडी सारखी दिसते म्हणून मध्य आला असं मानणं ही नेहमीची चूक आहे. काही रॅकवर पिनियनच्या धूळटोपीवर खूण असते, ती हाऊसिंगवरच्या खुणेला जुळली की मध्य. रिकंडिशन रॅकमध्ये ही टोपी अनेकदा उघडून कशीही बसवलेली असते, तेव्हा फेरेच खरे.

याच वेळी जुना रॅक बाजूला ठेवून दोन्हींची तुलना करून घ्या: हाऊसिंगची लांबी, माउंटिंग भोकांमधलं अंतर, लॉक ते लॉक फेरे, पिनियनचे दाते. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारातून आणलेला जुना रॅक दिसायला हुबेहूब असतो, पण पॉवर स्टीयरिंगच्या आणि साध्या मॉडेलच्या रॅकचे फेरे वेगळे असू शकतात. फेरे वेगळे असतील तर क्लॉक स्प्रिंगचा आणि सेन्सरचा हिशेब बिघडतो, तो कुठल्याही अलाइनमेंटने सुधारत नाही.

हायड्रॉलिक रॅक असेल (जुन्या इनोव्हासारख्या गाड्यांत), तर पोर्टच्या टोप्या काढून, खाली ट्रे ठेवून फिरवा. टोप्या घट्ट असताना पिनियन जोरात फिरवलं तर आतल्या सीलवर ताण येतो.

रॅकवरचा प्लंजरचा (रॅक पिनियनवर दाबून धरणारा भाग) ॲडजस्टर, म्हणजे मोठा षटकोनी नट आणि त्याचा लॉकनट, नव्या रॅकमध्ये हलवू नका. खडखड येऊ नये म्हणून तो पाव फेरा आवळून देण्याची पद्धत आहे. मग स्टीयरिंग वळणानंतर आपोआप परत येत नाही, आणि त्याचा दोष अलाइनमेंटवर जातो.

शाफ्ट जोडताना

जुना रॅक काढायच्या आधी पुढची चाकं सरळ करा, चावी काढून स्टीयरिंग लॉक करा, शिवाय सीटबेल्ट स्टीयरिंगमधून ओवून बांधा. स्टीयरिंगचं लॉक एका ठराविक जागीच बसतं, त्यामुळे चाकं सरळ असताना ते बसेलच असं नाही, बेल्ट म्हणूनच. रॅक सुटलेला असताना कुणी गाडीत बसून स्टीयरिंग दोन फेरे फिरवलं तर क्लॉक स्प्रिंगचा मध्य जातो. नंतर सगळं जोडून पूर्ण लॉक मारलं की आतली पट्टी तुटते: हॉर्न बंद, स्टीयरिंगवरची बटणं बंद, एअरबॅगचा दिवा चालू.

क्लॉक स्प्रिंगबद्दल शंका असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह काढा, काही मिनिटं थांबा, मगच एअरबॅगला हात लावा. स्प्रिंग हळू एका टोकापर्यंत फिरवा, अडकली की थांबा. मग पार्टवर छापलेले फेरे परत या (बऱ्याच गाड्यांत सुमारे अडीच, पण छापलेलाच आकडा खरा) आणि बाणाच्या खुणा जुळवा.

रॅक मध्यावर, स्टीयरिंग सरळ, अशा स्थितीत युनिव्हर्सल जॉइंट पिनियनवर बसवा. दात्यांवर तो सहज, पूर्ण खालपर्यंत जायला हवा. जॉइंट आवळून धरणारा पिंच बोल्ट हाताने आरपार गेला पाहिजे. तो पिनियनच्या खाचेतून जातो. खाच समोर नसेल तर जॉइंट पूर्ण बसलेला नाही. बोल्ट ठोकून घातला तर आटे जातात, आणि अर्धवट बसलेला जॉइंट चालत्या गाडीत सुटू शकतो. हा सगळ्या कामातला एकमेव बोल्ट आहे ज्याबद्दल अजिबात तडजोड नको.

एक दाता चुकला तर किती फरक पडतो? ३६ दाते असतील तर एक दाता म्हणजे १० अंश. म्हणजे योग्य दाता धरूनही जास्तीत जास्त ५ अंश राहू शकतात, आणि तेवढे टाय रॉडवर घेणं रास्त आहे. काही शाफ्टवर एक दाता मुद्दाम जाड किंवा गायब केलेला असतो, तिथे चूक होऊच शकत नाही. म्हणून स्टीयरिंग ८-१२ अंश कललेलं आणि आटे दोन्हीकडे सारखे, असं दिसलं की आधी खालचा जॉइंट एक दाता सरकवून बघा.

मधला शाफ्ट सरकता असेल तर तो ओढून पूर्ण वेगळा करू नका. उलटा-सुलटा परत बसला की दोन युनिव्हर्सल जॉइंटचा ताळमेळ जातो, आणि स्टीयरिंग एका फेऱ्यात दोनदा जड, दोनदा हलकं लागतं. सेंटर बरोबर असूनही हात दमवणारी ही तक्रार फक्त तिथूनच सुटते.

माउंटिंग आणि सबफ्रेम

अलाइनमेंट केलं की दोन दिवसांत परत वाकडं, याचं कारण बहुतेकदा इथे सापडतं. रॅकच्या क्लॅम्पचे रबर बुश जुनेच वापरले, किंवा बोल्ट कमी आवळले, तर खड्ड्यात रॅक दोन-तीन मिमी सरकतो. तेवढ्याने स्टीयरिंग १५-२५ अंश फिरतं. तपासायला एकाने इंजिन चालू ठेवून, गाडी जमिनीवर उभी असताना, स्टीयरिंग झटकन डावी-उजवीकडे थोडं हलवावं, दुसऱ्याने रॅक हाऊसिंगवर नजर ठेवावी. हाऊसिंग बाजूला सरकलेलं डोळ्यांना दिसता कामा नये. बुश रॅकबरोबरच नवे घ्या; पार्ट छोटा, काम परत करायचं मोठं.

ज्या गाडीत सबफ्रेम खाली घेतल्याशिवाय रॅक निघत नाही, तिथे सबफ्रेमच्या प्रत्येक बोल्टभोवती पेंटने कडी काढा. सबफ्रेम तीन-चार मिमी बाजूला बसली तर एका चाकाचा कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) कमी आणि दुसऱ्याचा जास्त होतो, आणि नुसत्या टाय रॉडने ते सुटत नाही.

छोट्या हॅचबॅकमध्ये पिंच बोल्ट साधारण २५, रॅकचे माउंटिंग बोल्ट ५५ आणि टाय रॉड एंडचा नट ४५ न्यूटन मीटरच्या आसपास असतो. तुमच्या गाडीचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर तेच धरा. स्प्लिट पिनसाठी नटाची खाच जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळा, सैल करू नका.

टाय रॉड आणि अलाइनमेंट

टाय रॉड एंड दोन्हीकडे सारखी लांबी ठेवून लावा आणि अशीच गाडी हळू चालवत अलाइनमेंटला न्या. तिथे दोन गोष्टी स्पष्ट सांगा: रॅक मध्यावर आहे, म्हणून समायोजन दोन्हीकडे सारखं वाटून करायचं, आणि एकाच टाय रॉडवर सगळा टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा फरक) काढायचा नाही. एक टाय रॉड एक पूर्ण फेरा फिरवला (दीड मिमी) तर त्या चाकाचा टो रिमवर सुमारे ४ मिमीने बदलतो. स्टीयरिंग आर्म सुमारे १२० मिमी आणि रिम १४ इंची असेल तर हा हिशेब बसतो.

टो बरोबर आहे पण स्टीयरिंग वाकडं आहे, तेव्हा दोन्ही टाय रॉड उलट दिशेने सारखेच हलवायचे. एक-एक फेरा म्हणजे स्टीयरिंगवर साधारण १२ अंश. कुठला आखूड करायचा? टाय रॉड चाकाच्या मध्यरेषेच्या मागे असेल (पुढून चालणाऱ्या बऱ्याच छोट्या गाड्यांत असतो) आणि सरळ जाताना स्टीयरिंग डावीकडे कललेलं असेल, तर डावा टाय रॉड आखूड, उजवा तेवढाच लांब. टाय रॉड पुढे असेल तर नेमकं उलट.

टाय रॉड फिरवण्याआधी बुटाची, म्हणजे रॅकच्या टोकावरच्या घडीच्या कव्हरची, बारीक क्लिप सोडवून घ्यावी लागते. नाही सोडवली तर बूट पिळतो, पहिल्या लॉकला फाटतो, आणि पावसात पाणी आत जाऊन रॅक गंजतो. ठाण्यात नवा रॅक दोन पावसाळ्यांतच वाजायला लागला तर बूट नक्की बघा. काम संपल्यावर बूट सरळ आहे ना, हे हात फिरवून तपासायचं आणि मगच क्लिप लावायची.

मशीनवर गाडी असताना इंजिन चालू हवं, पॉवर स्टीयरिंग मोकळं झाल्यावर स्टीयरिंग होल्डरने बांधलेलं हवं. इंजिन बंद ठेवून बांधलेलं स्टीयरिंग पुढे रस्त्यावर दोन-तीन अंश हलतं.

इलेक्ट्रिक स्टीयरिंग आणि दिवे

स्विफ्ट, वॅगनआर, आयटेन अशा गाड्यांत मोटर कॉलमवर असते आणि रॅक साधा यांत्रिक असतो. कॉलमला हात लावला नसेल तर टॉर्क सेन्सर (स्टीयरिंगवरचा हाताचा जोर मोजणारा) पुन्हा शून्यावर आणायची गरज सहसा पडत नाही. पण बॅटरी काढली असेल, किंवा गाडीत ईएसपी असेल, तर अँगल सेन्सरचा शून्य बघावा लागतो. सेन्सरला मध्य चुकीचा कळला तर मोटर स्टीयरिंग त्या चुकीच्या मध्याकडे हलकेच परत नेते आणि गाडी ओढल्यासारखी वाटते. अलाइनमेंट पूर्ण झाल्यावर, सपाट जागी, चाकं सरळ असताना स्कॅनरने शून्य घ्यायचा. काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून लॉक ते लॉक एकदा फिरवलं की काम होतं. अलाइनमेंटच्या आधी घेतलेला शून्य नंतर पुन्हा घ्यावा लागतो, म्हणून दोनदा पैसे देऊ नका.

स्कॅनरमध्ये सरळ चालताना अँगलचा आकडा बघा. स्टीयरिंग सरळ, गाडी सरळ, पण आकडा १० किंवा १५ दाखवत असेल, तर खाली दाते चुकवून वर स्टीयरिंग फिरवलेलं असू शकतं. शून्य मारून तो लपवण्याआधी फेरे पुन्हा मोजा.

हायड्रॉलिक रॅकमध्ये एक वेगळा दोष

सेंटर, टो, टायर सगळं बरोबर, तरी गाडी ओढते? पुढची दोन्ही चाकं उचला, घोड्या (आधाराचे स्टँड) लावा, स्टीयरिंग मोकळं सोडून इंजिन चालू करा. स्टीयरिंग आपोआप एका बाजूला फिरायला लागलं तर रॅकच्या आतला व्हॉल्व्ह असमतोल आहे. रिकंडिशन रॅकमध्ये हे घडतं, आणि बाहेरून दुरुस्त होत नाही. रॅक परत द्यायचा.

ऑइलमधली हवा काढताना चाकं उचललेली ठेवा, टाकी भरलेली ठेवा, इंजिन बंद असताना दहा-पंधरा वेळा लॉक ते लॉक हळू फिरवा. मग इंजिन चालू करून पुन्हा. कुठल्याही लॉकला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, पंप तापतो. टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच ऑइल घाला.

पाचशे किलोमीटरनंतर पिंच बोल्ट, माउंटिंग बोल्ट आणि दोन्ही लॉकनट पान्याने एकदा तपासा, आणि टेप लावून फेरे पुन्हा मोजा. तोपर्यंत जुना रॅक भंगारात किंवा बदल्यात देऊ नका. फेरे, लांबी किंवा दाते यांबद्दल वाद निघाला तर मापाला तोच लागतो.